दोनशे वर्षं झाली, घरातला सांगाडा अजून कुणी उचलला का नाही? प्रलयोत्तर गेम्स आणि कथानकातले कच्चे दुवे

निशाचर

रसभंगाचा इशारा आधीच देतो. फॉलआउट ३, ४, न्यू वेगास आणि द लास्ट ऑफ अस यांच्या शेवटापर्यंत बोलणं होणार आहे. ज्यांना खेळायचे आहेत त्यांनी इथूनच मागे फिरावं.

गेल्या महिन्यात फॉलआउट ३ परत लावला. पहिल्यांदा खेळलो तेव्हा कॉलेजात होतो. तळघराचं ते गोल दार सरकलं, डोळ्यांपुढे पांढरा उजेड आला आणि हळूहळू वॉशिंग्टनची पडझड दिसू लागली, तेव्हा अंगावर काटा आला होता. आताही आला. पण यावेळी मी पळत सुटलो नाही. रमतगमत, घराघरात डोकावत फिरलो, आणि प्रश्न पडायला लागले.

मेगाटन गावातली दुकानदारीण मोइरा तुम्हाला सुपर-ड्यूपर मार्टमध्ये अन्न शोधायला पाठवते. आत डाकू आहेत. त्यांना मारलं की खाण्याचे डबे आणि पाकिटं हाती लागतात. आता हिशोब करा. या खेळातलं अणुयुद्ध झालं २३ ऑक्टोबर २०७७ ला. खेळ घडतो २२७७ मध्ये. मध्ये तब्बल दोनशे वर्षं गेली. आपल्याकडे १८१८ साली पेशवाई बुडाली. त्या वेळच्या वाण्याच्या दुकानात आज शिरायचं आणि फळीवरच्या डब्यातला गूळ तोंडात टाकायचा, असं हे झालं. एवढ्या काळात एकही भुकेला माणूस त्या दुकानाकडे फिरकला नाही?

किरणोत्सर्गाने माणूस मरायच्या ऐवजी घूल, म्हणजे सडलेल्या कातडीचा जिवंत मुडदा, होतो आणि दोनशे वर्षं जगतो, हे मी बिनतक्रार मानलंय. तो त्या जगाचा नियम आहे आणि खेळ तो लपवत नाही. मला अडचण आहे ती साध्या माणसांची. ती माणसांसारखी वागत नाहीत. बाई ज्या खोलीत झोपते तिच्या शेजारच्या खोलीत युद्धाच्या दिवशीचा सांगाडा पडलेला असतो. छताला भगदाड, जमिनीवर कागदांचा खच, आणि तिथेच पिढ्या वाढतात. कुणी झाडू मारत नाही, कुणी पत्रा ठोकत नाही. मेगाटनमध्ये वॉल्टर नावाचा म्हातारा पाणी शुद्ध करायचं यंत्र सांभाळतो आणि गळके पाइप दुरुस्त करून द्यायला सांगतो. काम पाच मिनिटांचं, पण अख्ख्या गावात मला तेवढंच खरं वाटलं. पिकं मात्र नाहीत. टेनपेनी टॉवरमध्ये श्रीमंत लोक राहतात, त्यांना रोज जेवायला कोण घालतं ते शेवटपर्यंत कळत नाही.

आणि शेवट. पाणी शुद्ध करणारा प्रकल्प सुरू करायला कुणीतरी प्राणघातक किरणोत्सर्गाच्या कक्षात जायला हवं. तुमच्या शेजारी फॉक्स उभा असतो. तो सुपर म्यूटंट आहे, त्याला किरणोत्सर्गाने काही होत नाही. थोड्याच वेळापूर्वी त्याने अशाच एका खोलीत जाऊन तुम्हाला हवं ते यंत्र आणून दिलेलं असतं! त्याला म्हटलं, तू जा, तर तो म्हणतो की हे तुझं प्राक्तन आहे. २००९ च्या ब्रोकन स्टील या विस्तारात त्याला पाठवायची सोय केली. म्हणजे चूक बनवणाऱ्यांनाही कळली होती.

तुम्हाला कुठल्या गेममधला असा कच्चा दुवा खटकला? आणि कुठल्या गेमने तो नीट शिवलाय?

सावंतवाडीकर

फॉक्सच्या त्या वाक्याला मी कंट्रोलर खाली ठेवला होता. माझ्या वडिलांचा खेळातला मृत्यू मी मनाला लावून घेतला होता, त्यामुळे बलिदान द्यायला मी तयारच होतो. पण तो शेजारी उभा असताना द्यायचं कशासाठी?

थोडं अवांतर, पण आपल्याशी संबंध आहे. २००८ मध्ये फॉलआउट ३ ची एक्सबॉक्स ३६० आवृत्ती भारतात आणणार नाही असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं. कारण म्हणून सांस्कृतिक संवेदनशीलता एवढंच सांगितलं. त्या जगातल्या दोन डोक्यांच्या गाईंना ‘ब्राह्मिन’ म्हणतात, त्यामुळेच हे झालं असं तेव्हा सगळीकडे बोललं गेलं. मी पुढे तो पीसीवर खेळलो.

प्रयोगवही

भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून किरणोत्सर्गाबद्दल लिहिते.

अणुबाँबच्या धुळीचा एक ढोबळ नियम आहे. वेळ सातपट झाला की किरणोत्सर्गाचा जोर दहापट कमी होतो. स्फोटानंतर एका तासाला जेवढा असेल त्याचा सात तासांनी दहावा भाग, ४९ तासांनी शंभरावा, आणि साधारण दोन आठवड्यांनी हजारावा. म्हणून तळघरात सुरुवातीचे दिवस काढण्याला अर्थ आहे. पुढे उरतात ती सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० सारखी द्रव्यं. त्यांचं अर्धायुष्य ३० वर्षांच्या आसपास. दोनशे वर्षांत तेही घटून शंभरातला एक भाग उरतं. प्लुटोनियम हजारो वर्षं राहतं, पण प्रत्येक डबक्याशेजारी मीटर कडकडावा एवढं त्याचं प्रमाण नसतं.

हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ ला बाँब पडला. ९ ऑगस्टला शहराच्या एका भागात ट्राम पुन्हा धावली. तो स्फोट जमिनीपासून उंचावर झाला होता, त्यामुळे धूळ कमी पडली, हे खरं. पण त्या ट्रामचा विचार केला की निशाचर यांचा मुद्दा मला पटतो. तीन दिवसांत, तशा अवस्थेत, माणसांनी तारा जोडल्या आणि रूळ मोकळे केले.

आता झाडांकडे बघा. प्रिप्यात शहर २७ एप्रिल १९८६ ला रिकामं केलं. आज तिथल्या चौकांत जंगल आहे. जत्रेतला तो पिवळ्या डब्यांचा पाळणा झाडीत उभा आहे. त्याला चाळीस वर्षंही लागली नाहीत. फॉलआउट ३ मध्ये दोनशे वर्षांनी जमीन उघडी-बोडकी आणि वाळलेली झाडं जागच्या जागी उभी. मेलेलं झाड एवढी वर्षं उभं राहत नाही, ते कुजतं. तिथली एक नोंद मात्र खेळाच्या बाजूने मांडायला हवी. चेर्नोबिलजवळच्या जास्त बाधित भागांत पालापाचोळा कुजण्याचा वेग मंदावलेला आढळलाय, कारण कुजवणारे जीवच कमी झाले. खेळाने हा धागा पकडला असता तर उभी वाळकी झाडं मी आनंदाने मान्य केली असती.

स्पॅनर

माझा विषय पेट्रोल.

दुचाकींचं गॅरेज आहे. २०२० च्या लॉकडाऊननंतर पहिले दोन महिने मी जवळजवळ एकच काम केलं. गाडी उभी होती, आता चालू होत नाही. कार्ब्युरेटर उघडला की फ्लोट चेंबरच्या तळाशी पिवळट चिकट थर, जेट चोक, आणि वास पेट्रोलचा नाही, वॉर्निशचा. ही अवस्था काही महिन्यांत. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो, उरलेल्याला हवा लागून डिंकासारखा साका तयार होतो. आता तर आपल्याकडे २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि इंजिनला तेच पहिलं मिळतं.

द लास्ट ऑफ अस मध्ये साथ सुरू होते सप्टेंबर २०१३ ला आणि मुख्य कथा वीस वर्षांनंतरची. वीस वर्षांनी गाड्या पळतायत! बिलच्या गावात ते गाडी ढकलून चालू करतात, ते बघून बरं वाटलं, कारण बॅटरी बसलेली असणार हे निदान कुणाच्या तरी लक्षात होतं. पण टाकीत काय होतं? टायर तर नुसत्या उन्हाने तडकतात. दुसऱ्या भागात जॅक्सन गावात लोक घोडे वापरतात आणि धरणावर वीज करतात, ते एकदम बरोबर. त्याच भागात सिएटलचे सैनिक मात्र गाड्या फिरवताना दिसतात.

डेज गॉन दोन वर्षांनंतरचा आहे, त्यामुळे तिथे मी थोडं सोडून देतो. त्यातली मोटरसायकल मला आवडते, कारण ती बिघडते, तिला भंगारातले भाग गोळा करून जोडावं लागतं. फक्त टाकी इतक्या लवकर रिकामी होते की अशी गाडी माझ्याकडे आली असती तर मी आधी गळती शोधली असती.

आणि यावर उपाय आहेत हो! दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल नव्हतं तेव्हा युरोपात लाकडाच्या गॅसवर गाड्या चालवल्या. मागे भट्टी बांधायची, लाकूड अर्धवट जाळायचं, निघालेला वायू इंजिनात सोडायचा. नाहीतर धान्याची दारू गाळून त्यावर चालवायची. आपले साखर कारखाने मळीपासून इथेनॉल करतातच की. मागे धुराडं लावलेली गाडी एखाद्या गेममध्ये मुख्य वाहन म्हणून चालवायला मिळाली तर मी ती पहिल्या दिवशी विकत घेईन.

निशाचर

स्पॅनर, लाकडावरच्या गाडीची कल्पना जबरदस्त. लाकूड गोळा करायला थांबावं लागेल, भट्टी तापायची वाट बघावी लागेल, धूर लांबून दिसेल. प्रत्येक अडचणीतून एक प्रसंग तयार होतो. मला हेच म्हणायचं होतं.

तिसरी घंटा

थोडा विरोधी सूर लावते.

मी नाटकाच्या नेपथ्यात काम करते. रंगमंचावर तीन पायऱ्या आणि एक कमान उभी केली की प्रेक्षक वाडा बघतो. मागच्या खोल्या कुठे आहेत असं कुणी विचारत नाही. फॉलआउट ३ मधली उजाड जमीन मला तशीच दिसते. तिच्यात २२७७ सालचं वास्तव शोधू नये. १९५० च्या दशकातल्या अमेरिकेला जी भीती वाटत होती, शाळेतली मुलं बाकाखाली लपायचा सराव करत होती, त्या भीतीचं ते चित्र आहे. तिथे हिरवंगार जंगल उगवलं असतं तर ती भीतीच विरून गेली असती. मोडक्या रेडिओवर जुनं गाणं लागतं आणि समोर राखेचा रस्ता असतो, त्या क्षणी मला पिकं आठवत नाहीत.

मला जे खुपतं ते वेगळं आहे. लिटल लॅम्पलाइट. गुहेतलं मुलांचं गाव. सोळा वर्षांचं झालं की बाहेर काढतात. आत एकही मोठं माणूस नाही, आणि हे युद्धापासून चालत आलंय. मग दोनशे वर्षं नवी मुलं येतात कुठून? इथे नेपथ्याची सबब मी देऊ शकत नाही, कारण ‘मोठ्यांना प्रवेश नाही’ हा त्या गावाचा मूळ नियमच आहे. संहितेने स्वतः घातलेला नियम संहितेनेच विचारात घेतलेला नाही.

कळफलक

तिसरी घंटा यांनी केलेला फरक फार नेमका आहे. रंगवलेला पडदा एका बाजूला, संहितेतली चूक दुसऱ्या बाजूला.

मी पुण्यात एका छोट्या स्टुडिओत लेव्हल डिझाइन करतो. फॉलआउट आम्ही केलेला नाही, पण असल्या चुका कशा होतात ते रोज बघतो. एक जण घर बांधतो. दुसरी व्यक्ती त्यात सामान मांडते. तिला सांगितलेलं असतं की प्रत्येक खोलीत काहीतरी गोष्ट दिसली पाहिजे, म्हणून ती पलंगावर एकमेकांना बिलगलेले दोन सांगाडे ठेवते. सुंदर काम असतं ते, माणूस थबकून बघतो. चार महिन्यांनी तिसरा कुणीतरी त्याच घरात एक जिवंत बाई राहायला आणतो, कारण त्याला तिच्याकडून एक काम द्यायचं असतं. सांगाडे मांडणारी आणि बाईला राहायला आणणारा एका टेबलावर बसतच नाहीत. दोघांचं काम चांगलं असतं, आणि चूक मधल्या जागेत राहते.

शेतं का नसतात? जागा. खेळातलं गाव वीस-तीस माणसांचं असतं, ते शेकडो माणसांचं आहे असं मनात धरायचं असतं. त्यांना पोसायचं म्हटलं तर नकाशाचा बहुतेक भाग शेतीखाली जाईल आणि खेळणारा मक्यातून चालत बसेल. पण सूचना तरी द्यायला हवी, हे मी मानतो. चार वाफे, पाण्याची एक नळी, खांद्यावर कुदळ घेतलेला एक माणूस. तेवढ्याने मन भरतं.

फॉलआउट ४ ने तसा प्रयत्न केलाय. वस्त्या उभारायच्या, माणसामागे अन्न, पाणी, अंथरूण मोजायचं. बॉस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉलच्या मैदानात डायमंड सिटी वसवलीय, आणि तिथे शेंग नावाचा एक पोरगा पाण्याच्या डबक्यापाशी उभा राहून शुद्ध पाणी विकतो. डबक्यात पडलेला कचरा काढून देण्याचे तो तुम्हाला पैसे देतो. मला त्या सबंध शहरात तो पोरगा सर्वांत खरा वाटतो. आणि त्याच गेममध्ये फ्रीजमध्ये अडकलेला मुलगा दोनशेहून अधिक वर्षांनी आतून हाक मारतो. घूल झालाय म्हणे, पण एवढी वर्षं अन्नपाण्याशिवाय? बाकीचे घूल तर खातात-पितात, पाण्यासाठी भांडतात. पहिल्या फॉलआउटमध्ये नेक्रोपोलिस या घूलांच्या शहरातला पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा चिप तुम्ही काढून नेलात आणि पंप दुरुस्त करून दिला नाहीत, तर तिथले घूल तहानेने संपतात. १९९७ चा खेळ तो.

जांभूळ

परिचारिका आहे. द लास्ट ऑफ अस चा शेवट मला आतून हलवून गेला, आणि डोक्याला पटलाही नाही. दोन्ही सांगते.

त्यातली साथ बुरशीची आहे. बुरशीचा आजार बरा करणं अवघड असतं, कारण बुरशीची पेशी जंतूंपेक्षा आपल्या पेशीच्या जास्त जवळची. तिला मारणारं औषध आपल्यालाही मारत असतं. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसचे रुग्ण आले तेव्हा हे मी जवळून पाहिलं. अँफोटेरिसिन-बी चा तुटवडा, नातेवाईक चिठ्ठी घेऊन गावोगाव फिरतायत, आणि इंजेक्शन मिळालं तरी रोज किडनीचे रिपोर्ट बघत बसायचं, कारण ते औषध किडनीवर उलटतं. माणसांसाठी बुरशीविरुद्धची एकही मान्यताप्राप्त लस आजपर्यंत नाही. हे चालू जगात, सगळ्या प्रयोगशाळा शाबूत असताना.

आता सॉल्ट लेक सिटीचं ते रुग्णालय. एली नावाची मुलगी तिथे बेशुद्ध अवस्थेत येते. सबंध देशात रोगाला दाद न देणारी त्यांना सापडलेली ही एकच मुलगी. आणि काही तासांत ते लस बनवण्यासाठी तिचा मेंदू उघडायला निघतात! अशी मुलगी हाताशी असताना आम्ही तिला जपलं असतं. रक्त, पाठीतलं पाणी, तपासण्या, महिनोन्‌महिने निरीक्षण. शल्यचिकित्सकाच्या ध्वनिमुद्रित नोंदीत तो या शोधाची बरोबरी पेनिसिलिनशी करतो. पेनिसिलिन १९२८ मध्ये दिसलं आणि पहिल्या रुग्णापर्यंत नीट पोहोचायला १९४१ उजाडलं. तेरा वर्षं. तो डॉक्टर आपल्याच उदाहरणातला काळ विसरला.

बरीच वर्षं मी याला चूकच म्हणत होते. आता तसं म्हणवत नाही. ती फायरफ्लाय या बंडखोर गटाची माणसं थकलेली आहेत, संपत आलेली आहेत, वीस वर्षं हरतायत. अशा अवस्थेत शहाणी माणसं घाई करतात, हे मीही वॉर्डात पाहिलंय. फक्त खेळाने ते आपल्यासमोर मांडायला हवं होतं. त्या खोलीतल्या एका तरी परिचारिकेने म्हणायला हवं होतं, ‘डॉक्टर, थोडं थांबूया.’

बीजाणूंचंही तेच. बंद जागेत मुखवटा घालतात, बाहेर आले की काढतात, कपडे तेच. माझ्या पीपीई किटच्या दिवसांत आम्ही ते उतरवण्याची पायरीन्‌पायरी पाठ केली होती.

काळोख्या

मेट्रो २०३३ चं नाव अजून कुणीच कसं घेतलं नाही? कीव्हच्या फोर-ए गेम्सने २०१० मध्ये काढला. मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत उरलेली माणसं राहतात. युद्धापूर्वीच्या चांगल्या प्रतीच्या काडतुसांवर बाजार चालतो. तीच काडतुसं बंदुकीत घातली तर मारा जबरदस्त, पण प्रत्येक गोळीबरोबर पैसा उडतो. मी एकदा एका भुताला घाबरून अख्खं मॅगझिन रिकामं केलं आणि पुढच्या स्थानकावर गॅस मास्कचा फिल्टर घ्यायला काही उरलं नाही. फिल्टर नाही म्हणजे वर श्वास नाही.

स्थानकंही जिवंत आहेत. डुकरं पाळलीत, मशरूम लावलेत, पडदे लावून कुटुंबं राहतात, मुलं झोपत नाहीत म्हणून आया रागावतात. इथे कच्चा दुवा शोधून दाखवा.

प्रयोगवही

काळोख्या, मलाही तो खेळ फार प्रिय आहे. पण दुवा आहे.

डुकरांना घालायचं काय? मशरूम. मशरूम कशावर वाढवायचे? डुकरांच्या शेणावर. प्रत्येक फेरीत ऊर्जा उष्णतेच्या रूपात निघून जाते. मशरूम उन्हाशिवाय वाढतो, पण त्याला आधी उन्हावर वाढलेलं काहीतरी लागतं, लाकूड, पेंढा. त्या भुयारात ऊन नाही. म्हणजे वीस वर्षं सगळेजण एकाच शिदोरीवर, तीही दर फेरीला आटणारी. कुणीतरी वर जाऊन लाकूड आणतंय असं एक वाक्य असतं तरी हिशोब लागला असता.

टेलचा शेतकरी

सगळे प्रतिसाद वाचले. लातूर जिल्ह्यातला आहे, कॅनॉलच्या अगदी शेवटी जमीन, म्हणून हे नाव.

न्यू वेगास (२०१०, ऑब्सिडियन) मी का परत परत खेळतो ते सांगतो. खेळ सुरू होतो गुडस्प्रिंग्ज गावात. बंदूक चालवायला शिकवतात ते कुठे, तर गावाच्या झऱ्यावर. गेको नावाचे मोठे सरडे तिथे येऊन बसलेत, त्यांना हुसकावल्याशिवाय गावाला पाणी भरता येत नाही. घरांशेजारी मक्याचे वाफे, गोठ्यात जनावरं. पहिल्या तासाभरात गाव काय खातं आणि काय पितं ते मला कळलं, कुणी भाषण न देता. वेगास शहर शाबूत का राहिलं त्याचंही उत्तर आहे. शहरावर आलेल्या ७७ अण्वस्त्रांपैकी बरीचशी शहराच्या मालकाने, मिस्टर हाउसने, वाटेतच निकामी केली. आणि सगळी लढाई हूवर धरणासाठी. कुणाला पाणी, कुणाला वीज. यात मला काही समजावून घ्यावं लागलं नाही.

२०१६ मध्ये आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. एप्रिलमधली पहिली गाडी दहा वाघिणींची, पाच लाख लिटरची. त्याआधी मार्चमध्ये पाणवठ्यांभोवती १४४ कलम लावलं होतं, टँकर भरायच्या जागी पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. प्रलय कसा दिसतो म्हणाल तर मला ते दिवस आठवतात. इमारती उभ्याच होत्या, वीज होती, फोन चालत होते. फक्त आमच्या गल्लीत रात्री दोनला निळ्या ड्रमांची रांग लागायची आणि प्रत्येक ड्रमवर रंगाने नाव लिहिलेलं असायचं. कुणी कुणाचा ड्रम पुढे-मागे केला तर दोन घरं बोलायची बंद होत. नंबर कुणी लावायचे, म्हाताऱ्या माणसाला आधी द्यायचं की नाही, हे सगळं लोकांनी आठवड्याभरात ठरवलं. म्हणून निशाचर यांचं म्हणणं मला पटतं. माणूस दोनशे वर्षं पसाऱ्यात बसून राहत नाही. तो आठवड्यात नियम करतो, आणि मग त्या नियमांवरून भांडतो.

न्यू वेगासमध्ये ‘द व्हाइट वॉश’ नावाचं एक काम आहे. कुणी केलंय का?

निशाचर

नाही केलं. मी मुख्य कथेच्या मागे लागून स्ट्रिपवर, म्हणजे कॅसिनोंच्या रस्त्यावर, पोहोचलो होतो. आज सुरू करतो, हार्डकोअर मोडवर, म्हणजे तहान-भूक-झोप सगळं मोजलं जाईल.

कळफलक

हार्डकोअरवर गोळ्यांनाही वजन असतं, सांभाळून.

तिसरी घंटा

टेलचा शेतकरी, ड्रमवरची नावं वाचून गलबलून आलं. माझी उजाड जमिनीची बाजू मी सोडत नाही, पण कुणी असा खेळ केला तर त्याचं नेपथ्य मी फुकट करून देईन. निळे ड्रम, रस्त्यावरचा पिवळा दिवा, बस्स.

निशाचर

चार रात्री लागल्या. द व्हाइट वॉश पूर्ण केलं. न खेळलेल्यांनी हा प्रतिसाद सोडावा.

कॅम्प मॅककॅरनमधली लेफ्टनंट बॉइड सांगते की कॉर्पोरल व्हाइट बेपत्ता आहे. तो पाणी कमी का येतंय याचा तपास करत होता. एनसीआरने, म्हणजे त्या जगातल्या कॅलिफोर्नियाच्या सरकारने, वेगासबाहेर कुळांना जमिनी कसायला दिल्यात, तिथे गेलो. खरोखरची शेतं, ओळीत लावलेली पिकं, आणि ट्रेंट बास्कम नावाचा शेतकरी पाणी पुरत नाही म्हणून कावलेला. पंपहाउसमधल्या संगणकावर दिसलं की पाणी दुसरीकडे वळवलंय. कुणाकडे? वेस्टसाइडकडे. गरीब वस्ती, त्यांनी सहकारी तत्त्वावर शेती केलीय, सगळे मिळून राबतात. अँडरसन नावाच्या माणसाने त्यांच्यासाठी पाणी चोरलं आणि व्हाइटला ते कळलं म्हणून त्याला मारलं.

मी अर्धा तास त्याच्यासमोर उभा होतो. त्याला पकडून दिलं तर वेस्टसाइडचं पाणी जाईल. सोडलं तर एका प्रामाणिक माणसाचा खून दडपला जाईल, आणि बास्कमचं पीक वाळत राहील. दोन्ही बाजूंची शेतं मी डोळ्यांनी पाहिलेली. फॉलआउट ३ मध्ये सबंध प्रदेशाला पाणी द्यायचं होतं, आणि तरी मला काही वाटलं नव्हतं, कारण पाण्यावाचून कुणाचं काय अडतंय ते शेतात जाऊन बघता आलं नव्हतं.

टेलचा शेतकरी

मग काय केलंत?

निशाचर

बॉइडला खरं सांगितलं. अजून पटत नाहीये मला. तुम्ही?

टेलचा शेतकरी

पहिल्या वेळी मीही खरंच सांगितलं. कायदा म्हणजे कायदा म्हणून. नंतर वर्षभराने परत खेळलो तेव्हा खोटं बोललो, दोष एका टोळीवर ढकलला.

मधल्या काळात आमच्या चारीवर वरच्या अंगाला कुणीतरी मोटर टाकली होती. रात्री दारं धरायला गेलो तर पाटात चिखल. चुलतभाऊ बॅटरी घेऊन वर चालत गेला, मीही मागोमाग. मोटर सापडली. ज्याची होती तो तिथेच बांधावर बसला होता, त्याचं अर्धा एकर डाळिंब जळत चाललं होतं. आम्ही तिघं बराच वेळ काही बोललो नाही. मग मी मोटर दोन तास चालू द्यायला सांगितली आणि तिथेच बसून राहिलो, दोन तास झाले की बंद करायला.

न्यू वेगासमध्ये तो पर्याय देत नाहीत. कळफलक, तुमच्या स्टुडिओत कधी असा खेळ करायला घेतलात तर तो घाला.

कळफलक

वहीत लिहून ठेवलंय. पाळी किती तासांची असते तुमच्याकडे, आणि ती कोण ठरवतं? सविस्तर विचारायचं आहे, व्यक्तिगत निरोप पाठवतो.